सोमवारची फुंक

ताई,

परवा कळंबला तुमच्या पुण्यानुमोदनाला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या कपड्यातली तुमची सगळी भावकी, आमच्या बोरीची माणसं, आहुप्याहून जीप करून आलेल्या बायका, आणि पुढच्या खुर्च्यांवर पुण्याचे डॉक्टर. त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. जो उठेल तो तुमच्या पदव्या वाचून दाखवत होता. फुप्फुसांच्या आजारांवर तुम्ही काय काय लिहिलंत, कुठल्या कुठल्या परिषदांना गेलात, कुठे शाल मिळाली. एक साहेब तर इतके लांबले, की तुमच्या आईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्ये आपल्याच पोरीबद्दल बोलत्यात न्हवं?" मला तिथं, त्या मांडवात, हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तुम्ही असतात तर मागच्या रांगेतून डोळ्यानं खुणावलं असतंत, चल, चहा कुठे मिळतो बघू.

मलाही दोन शब्द बोल म्हणत होते. मी नाही म्हणाले. तुमच्याबद्दल बोलायला मला जमत नाही. तुमच्याशी बोलायची सवय आहे, भांडायची तर जास्तच. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

मला कामाला कशी लावलीत ते आठवतं का? आमच्या बोरी बुद्रुकच्या शाळेत तुम्ही तपासणीचं शिबिर लावलं होतं. मी सासऱ्यांना घेऊन आले होते. आण्णांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला आणि त्या जन्मभर बिडीनं त्यांना सोबत केली. तुम्ही त्यांच्या नाकाला चिमटा लावलात, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिलीत आणि सांगितलंत, छाती भरून घ्या आणि आतली सगळी हवा एका दमात बाहेर काढा. आण्णांनी चहाच्या कपावर मारावी तशी एक फुंकर मारली आणि म्हणाले, "झालं?" हळू आवाजात, फार अदबीनं, "अजून बाबा, अजून थोडं," असं चाललं होतं तुमचं. पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मला रांगेत उभं राहून राहवेना. मी ओरडले, "आण्णा, फुंका! सोडू नका, फुंका, फुंका, फुंका!" ओढ्यापलीकडची मेंढरं वळवायला आमच्या घरात जो आवाज लावतात तो लावला. आण्णा असे दचकले की पोट पाठीला लागेपर्यंत फुंकत राहिले.

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. सून सासऱ्यावर ओरडली म्हटल्यावर बघणारच. आण्णा नळी काढून म्हणाले, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा आवाज ऐकला हिचा." तुम्ही मात्र आधी मशीनच्या पडद्याकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे. बारावी झाली आहे का, एवढंच विचारलंत. पुढच्या आठवड्यात मी तुमच्या मशीनवर होते. माझी शाळा, माझी गुणपत्रिका तुम्ही कधी बघितलीच नाही. आवाजावर नोकरी मिळालेली अख्ख्या जुन्नर तालुक्यात मी एकटीच असेन.

तुम्हाला शोधायचं होतं ते मला पहिल्याच दिवशी सोपं करून सांगितलंत. ज्या बायकांनी जन्मात बिडी-सिगारेटला हात लावला नाही, त्यांची छाती का बिघडते? त्यांना दम का लागतो, खोकला का जात नाही, आणि त्यांच्यातल्या काहींना फुप्फुसाचा कॅन्सर होतो तो कशानं? चुलीच्या धुराचा त्यात किती वाटा? छातीत हवा किती मावते आणि ती किती जोरानं बाहेर पडते हे मशीन मोजतं. पण माणसानं जीव तोडून फुंकलं नाही तर मशीन बिचारं काय करणार. म्हणून शेजारी ओरडणारी बाई लागते. मी म्हणाले, "हे तर आमच्याकडं फुकट करत्यात." तुम्ही हसलात. तुमचं ते आवाज न करता हसणं, नुसते खांदे हलायचे.

आणि सोमवारची ती पद्धत. आठवड्याचं काम सुरू व्हायच्या आधी, पहिल्या बाईला बोलवायच्या आधी, तुम्ही स्वतः मशीनमध्ये फुंकायचात. मशीन तपासायला ठरावीक मापाची हवा सोडणारी मोठी सिरिंज होतीच, पण तुम्ही म्हणायचात, सिरिंजला छाती नसते. निरोगी माणसाचा आकडा आठवड्या-आठवड्याला फारसा बदलत नाही. तेव्हा तुमचा आकडा नेहमीसारखा आला की समजायचं, मशीन बरोबर आहे. तालुक्यातल्या सगळ्या बायकांच्या छात्या त्या मशीननं मोजल्या आणि त्या मशीनला मोजलं तुमच्या छातीनं. मी मागे उभी राहून तुमच्यावर ओरडायचे, "फुंका ताई, फुंका, फुंका!" डॉक्टरवर ओरडायचा मान मला मिळाला म्हणून मी घरी जाऊन मिरवायचे.

आता फुंकणीचं सांगते, कारण त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

बायकांना फुंक म्हणून सांगितलं तर त्या लाजायच्या. नाकातल्या चमकीवर चिमटा बसायचा नाही, पदर पुढे यायचा, दारात कोणी थोरला माणूस असला की नळीच खाली जायची. तुम्ही पुरुषांना सांगायचात, "पावणं, जरा ओट्यावर बसा," आणि मग बाईसमोर उकिडव्या बसून म्हणायचात, "आत्या, ही नळी न्हाई, फुंकणी समजा. चूल पेटवायचीय. फुंका." लगेच बाईचा चेहरा खुलायचा. फुंकणी तर लहानपणापासून हातातली. नळी धरायची ऐट बदलायची, लाज पळायची. तुमच्या या युक्तीचं मला फार कौतुक होतं आणि तुम्हालाही होतं, नाही म्हणू नका. गावामागून गाव आपण असंच केलं. मशीन कधीमधी कुरकुरायचं, पण एकीच्या तिन्ही फुंका एकसारख्या यायच्या, म्हणून शंका यायचं कारण नव्हतं. आणि आकडे असे यायचे की काळजात धस्स व्हावं. धूर बायकांना खाऊन टाकतोय हे कोणालाही दिसलं असतं. या कामाला पैसे देणारे पुण्याचे मोठे साहेब खूश होते. असं ठळक काही सहसा हाती लागत नाही म्हणाले.

मग ती कळंबची सकाळ. आपण तुमच्या घरी चहाला थांबलो होतो. घरात गॅस असूनही आई अंघोळीचं पाणी परड्यातल्या चुलीवरच तापवायच्या आणि त्यावरून तुमचं त्यांच्याशी रोज वाजायचं. "गॅसच्या पान्यानं आंग शेकत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशीही तुम्ही तेच भांडायला तोंड उघडलंत आणि उघडंच राहिलं. आई फुंकणीनं विस्तव फुलवत होत्या. गाल किंचित फुगलेले, श्वास अगदी हळू, दमादमानं.

"आई, जोरात फुंक बरं," तुम्ही म्हणालात.

"जोरात कशाला? राख उडंल समदीकडं. नवी नवरी आसताना पिठात राख पाडली म्हणून सासूनं आसा चिमटा घेतला व्हता, अजून वळ आसंल."

तुमचा चहा तसाच राहिला. मला गाडीतून मशीन आणायला लावलंत. आईंच्या नाकाला चिमटा लावून आधी म्हणालात, फुंकणीत फुंक. आकडा आला तो आजारी बाईचा. मग तुम्ही ओट्यावरच्या ताटातले भाजलेले शेंगदाणे घेतलेत, तळहातावर चोळलेत आणि आईंच्या तोंडासमोर हात धरलात. "ही सालं उडव." फूः! लाल सालं थेट माझ्या साडीवर. "अशी फुंक मार नळीत, आणि थांबू नको." मी ओरडले, आई फुंकल्या, आणि आकडा आला तो ठणठणीत बाईचा. एकच बाई, एकच सकाळ आणि दोन आकडे.

चुलीपुढे आयुष्य काढलेली बाई फुंकणीत जोरात फुंकतच नाही. ते तिच्या अंगात मुरलेलं कसब. आणि आपण तिला नेमकं तेच करायला सांगत होतो. ज्या जितक्या तरबेज, त्या तितक्या आजारी दिसत होत्या.

घोडेगावच्या रस्त्याला तुम्ही गाडी बाजूला घ्यायला लावलीत आणि म्हणालात, "सगळं परत करावं लागंल."

"सगळं म्हंजे?"

"जिथं जिथं मी फुंकणी म्हणून सांगितलं, ती सगळी गावं."

मी तेव्हा जे बोलले ते अजूनही बोलते. "ताई, धूर वाईट हाय हे शेंबड्या पोरालाबी कळतं. आकडा जरा जास्ती वाईट आला तर आला. बायकांच्या बाजूनंच हाय की तो. उद्या कोणी त्येंना बरी चूल दिली, गॅस दिला, तर काय बिघडलं?"

तुम्ही म्हणालात, "मला जे हवं होतं तेच आलं, म्हणून मी ते तपासलं नाही. त्याचीच भीती वाटती, संगे. आणि धडधाकट बाईला आपण आजारी म्हणून ठेवलंय. तिनं मनाला लावून घेतलं तर?"

"आणि खरंच आजारी आसंल तिचं काय? आजारी बायकांचा आकडा उतरला की तिचंबी कोणी ऐकायचं न्हाई."

तेही खरंय, म्हणालात. तुम्ही तिथूनच पुण्याला फोन लावलात. चूक माझी आहे, मशीनवरच्या मुलींची नाही, हे वाक्य मी ऐकलं. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण महिन्याभरात पैसे थांबले आणि आपली गाडी गेली. बरोबरच्या दोघीजणी दुसरीकडे कामाला लागल्या. तुमचे जुने मित्र म्हणाले म्हणे, एवढी चूक तर पचली असती. आपण मशीन मांडीवर घेऊन एसटीनं फिरायला लागलो, आणि तुमच्या पर्समध्ये कायमची भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी आली.

ताई, माणूस मोठं कशानं होतं हे त्या मांडवात कोणी सांगितलं नाही. मी सांगते. आहुप्याला आपण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बायका कंटाळल्या होत्या. त्यातल्या सगळ्यांत थोरल्या, ठकाआत्या म्हणाल्या, "परत? मागल्या टायमाला चांगलं फुंकलं व्हतं की आमी." तुम्ही सगळ्यांच्या देखत, अंगणात उभ्या राहून म्हणालात, "तुमी चांगलंच फुंकलं. मी चुकीचं सांगितलं."

ठकाआत्या तोंडावर हात धरून म्हणाल्या, "डाक्टर चुकत्यात व्हय?"

"लई," तुम्ही म्हणालात.

असा हशा पिकला की ओट्यावरचे पुरुष डोकावून गेले. मग शेंगदाण्याची सालं उडवायची शर्यतच लागली. त्या दिवशी त्या अंगणात तुम्ही लहान झाला नाहीत. उलट त्या बायका तुम्हाला त्या दिवसापासून आपलं मानायला लागल्या. मी मात्र त्या शर्यतीत उतरले नाही, कारण मी हरले होते आणि मला हरायला आवडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

आजारी बायकांचे आकडे उतरले. धुराचा दोष निघाला, पण आधी दिसला तेवढा मोठा नाही. पुण्याच्या बैठकीत लोकांनी तुम्हाला उलटंसुलटं विचारलं आणि तुम्ही एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलंत. परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मंचरपर्यंत झोपलात. इतक्या वर्षांत तुम्हाला असं गाढ झोपलेलं मी तेव्हाच बघितलं.

आणि मग तो सोमवार आला.

नेहमीसारखं तुम्ही फुंकलंत, नेहमीसारखी मी ओरडले, आणि आकडा कमी आला. तुम्ही पुन्हा फुंकलंत. तेवढाच. मी म्हणाले, मशीनचं काहीतरी बिघडलंय. दुरुस्तीला पाठवलं. परत आलं, त्यांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तुम्ही फुंकलंत, आकडा अजून थोडा खाली. सिरिंजनं तपासलं तर मशीन बरोबर सांगत होतं, तर मी म्हणाले सिरिंजच गळत असेल. मग म्हणाले नळ्यांचा हा खोका खराब आलाय. मग म्हणाले तुम्हाला सर्दी आहे. तुम्हाला सर्दी नव्हती. मी मशीनला इतक्या शिव्या दिल्या की तुम्ही म्हणालात, हळू, त्याला वाईट वाटेल.

मग तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि मला म्हणालात, "बस. आता तू फुंक."

माझा आकडा नोंदलेला होता, कामाला लागले तेव्हाचा. मी बसले. या वेळेला तुम्ही माझ्यामागे उभ्या राहिलात, आणि तुमच्या त्या अदबीच्या आवाजात ओरडायचा प्रयत्न केलात, "फुंक संगे, फुंक, फुंक." मधेच तुम्हाला खोकला आला. मी फुंकत राहिले. आकडा आला, माझा नेहमीचा, तंतोतंत.

तुम्ही पडद्यावरची तुमची रेघ आणि माझी रेघ शेजारी शेजारी लावून बघितलीत. तुमची रेघ वरच चपटी झाली होती. हात लावून दाखवलंत, "हे बघ. हवा इथं कुठंतरी अडतीय." मला कधी शिकवायचात तसंच. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "मशीन चांगलंय."

ताई, त्या दिवशी मी मशीन बिघडलेलं निघावं म्हणून काय काय बोलले होते मनातल्या मनात. आमच्या खंडोबाला बोलले, तुमच्या बुद्धालाही बोलले. कोणीतरी एकानं तरी ऐकायला हवं होतं.

नंतरचं सगळं पुण्याला. फोटो, तपासण्या, फुप्फुसाचा कॅन्सर हे नाव. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तुम्ही तर कधी सिगारेट ओढलीसुद्धा नाही. तुम्ही म्हणायचात, हो, तेच शोधत होते मी. तपासायला गाठीचा तुकडा काढायचा ठरला तेव्हा तुम्ही आपणहून सांगितलंत, संशोधनासाठी एक जास्तीचा घ्या. मी चिडले. म्हणाले, अजून किती देणार यांना? तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं लोकांच्या छातीत डोकावले. आता माझ्या छातीत डोकावू दे की कोणाला तरी."

जरा बरं वाटत होतं तेव्हा हट्टानं आहुप्याला आलात. ती तुमची शेवटची खेप. एसटीतून उतरून देवराईच्या कडेला आपण किती वेळा थांबलो त्याला हिशेब नाही. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही, बायका सरपणाला लांबचा फेरा घालून जातात. तशा दोघीतिघी डोक्यावर मोळ्या घेऊन येत होत्या, त्यात ठकाआत्या. तुम्हाला बघून त्यांनी मोळी खाली टाकली. तुमच्या केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल बघितला, हात हातात घेतला. मग अगदी हळू विचारलं, "बाई, आमच्या घरात बसून बसून आमचाच धूर लागला का गं तुला?"

मी तोंड फिरवलं. तुम्ही त्यांच्या सुरकुतल्या हातावर हात ठेवून म्हणालात, "न्हाई आत्या. एवढ्यानं होत न्हाई."

"मग कशानं झालं?"

"ठावं न्हाई."

"तुलाबी ठावं न्हाई?"

"मलाबी न्हाई, आत्या. शोधतोय आमी."

दुसरं कोणी असतं तर त्या जागी काहीतरी ठोकून दिलं असतं. देवाची मर्जी म्हणाले असते, नशीब म्हणाले असते. तुम्हाला तेवढंही खोटं बोलता आलं नाही, आणि तरी ठकाआत्यांचा जीव हलका झाला, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी पुन्हा मोळी उचलली ती मान ताठ ठेवून.

परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी भांडले. त्याच अवस्थेत भांडले, कारण तुमच्याशी गोड बोलायला लागले असते तर तुम्हाला कळलं असतं की मी घाबरले आहे. मी म्हणाले, "तुमी लहानपणी आईच्या मांडीवर बसून तोच धूर खाल्ला. एकदा फक्त स्टेजवर उभं राहून सांगा, चुलीनं मला कॅन्सर झाला. अख्ख्या तालुक्यातल्या बायका ऐकतील. तुमचं शंभर पानांचं लिखाण करणार न्हाई ते एका वाक्यात हुईल."

"आणि कोणी विचारलं, पुरावा काय?"

"तुमी. तुमी पुरावा."

तुम्ही थांबलात. दम घेतलात. "एक बाई म्हणजे पुरावा न्हवं, संगे. एक बाई म्हणजे एक बाई."

"मग ऱ्हाऊ द्या बायकांना धुरात."

"ऱ्हाऊ द्यायचं न्हाईच. पण आईला काय सांगू? तुझ्या चुलीनं मला मारलं म्हणून? आणि ते खरं आहे का ते मला म्हाईत नसताना?"

याचं उत्तर मला आता देता येईल, पण ऐकायला तुम्ही नाहीत. मी अजूनही म्हणते की तुम्ही सांगायला हवं होतं. अजूनही म्हणते की माणसं आकड्यानं नाही, माणसानं हलतात. परवा मांडवात एका पुढाऱ्यानं माईक हातात घेऊन सांगितलंच, चुलीच्या धुरानं आमच्या ताईंचा बळी घेतला. टाळ्याही पडल्या. मी आईंकडे बघितलं. त्या माउलीनं मान खाली घातली होती आणि साडीचा काठ बोटाभोवती गुंडाळत होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा तुमचं म्हणणं आतून कळलं. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, "आई, तसं न्हाई. कशानं झालं ते ताईंनाबी ठावं नव्हतं. त्यांनी मला सांगितलंय." त्यांनी माझा हात धरला तो मांडव सुटेपर्यंत सोडला नाही.

तुमच्या हिशेबात एक बाई म्हणजे एक बाई. माझ्या हिशेबात तसं नव्हतं. तुम्ही मला त्या शाळेच्या रांगेतून उचललंत. माझा जो आवाज घरात दाबून ठेवायला शिकवलं होतं तो तुम्ही कामाला लावलात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगायला गेले असते तर तुम्ही नुसते खांदे हलवून हसला असतात, म्हणूनही राहिलं.

शेवटी कळंबच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर, ऑक्सिजनच्या मशीनची घरघर चालू असताना तुम्ही मला दर वेळेला एकच विचारायचात, "सोमवार झाला?" तुमच्या जागी आता मी फुंकायचे, तो माझा आकडा सांगायचे. तुम्ही मान हलवायचात. त्या शेवटच्या भेटीत मात्र आणखी विचारलंत, "आहुपं?" मी म्हणाले, या फेरीतली थोडी घरं राहिलीत. तुम्ही म्हणालात, "शेंगदाणे ने." तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. त्यात ना निरोप, ना आशीर्वाद. मला आधी राग आला, मग वाटलं, दुसरं काही बोलला असतात तर ते तुमचं वाटलंच नसतं.

आज सोमवार होता. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. पुण्याहून नवीन डॉक्टर आल्या आहेत, वयानं लहान आहेत, घाबरलेल्या होत्या. मी मशीनची पेटी उघडली. कोपऱ्यात शेंगदाण्याची दोन-चार सालं चिकटलेली होती, कुठल्या गावची कोण जाणे. मी ती तशीच राहू दिली. खुर्चीवर बसले, नाकाला चिमटा लावला. त्या पोरीला सांगितलं, माझ्यामागे उभी राहा आणि ओरड. ती तुमच्यासारखंच ओरडली, म्हणजे ओरडलीच नाही. "फुंका ताई, फुंका," असं अदबीनं म्हणाली. मला ताई म्हणाली.

पहिली फुंक वाया गेली. मधेच फुंक थांबली आणि रेघ तुटली. तुमच्या नियमाप्रमाणे ती काढून टाकली. दुसरीही तशीच. ती पोरगी म्हणाली, आज राहू द्या का? मी म्हणाले, राहू द्यायचं नसतं. तोंड धुऊन आले, पाणी प्यायले, छाती भरून घेतली आणि तिसऱ्यांदा बसले. पोट पाठीला लागेपर्यंत फुंकलं. मग पुन्हा, आणि अजून एकदा.

आकडा नेहमीचा आला. गुरुवारी आम्ही आहुप्याला जातोय, राहिलेल्या घरांना. शेंगदाणे भाजून ठेवलेत.

मशीन चांगलंय, ताई.

तुमची,
संगी